भिंतीचं काम

मुळात त्या नाटकात भिंत नव्हती. म्हणजे होती, पण कापडाची. चित्रकलेच्या सरांनी ती रंगवायची, रंगमंचाच्या मागच्या दोरीला टांगायची आणि प्रयोग संपला की गुंडाळून कपाटावर टाकायची, एवढंच तिचं आयुष्य ठरलेलं होतं. तिचे पालक प्रयोगाला येणार नव्हते. "आमच्या भिंतीला एकच वाक्य का?" असं विचारायला कोणी शाळेच्या फाटकाशी उभं राहणार नव्हतं. अशा गुणी भिंतीच्या जागी हाडामांसाची भिंत उभी राहिली, ती केवळ संगीताच्या बाईंच्या न्यायबुद्धीमुळे.

बाईंच्या न्यायबुद्धीला इतिहास होता. पूर्वी एकदा कवायतीच्या सरांनी जंगलाचं नाटक बसवलं होतं आणि त्यात आपल्या सख्ख्या भाच्याला सिंह केलं होतं. भाचा सिंह म्हणून वाईट नव्हता, डरकाळी तर उत्तम फोडायचा. पण दुसऱ्या दिवशी जंगलातले उरलेले सगळे प्राणी आपापल्या आईवडिलांसह मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खोलीत हजर झाले. ससा रडला, कोल्ह्याचे वडील ओरडले, आणि एका झाडाची आजी तर खुर्ची ओढून ठाण मांडूनच बसली. कवायतीचे सर अजूनही कवायत घेतात, पण "सावधान" म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो.

बाईंनी ते सगळं दारातून पाहिलं होतं. आणि बाईंची स्वतःची मुलगी यंदा तिसरीत होती. तिसरीनेच यंदाचं नाटक करायचं होतं.

मुलीला घरी सगळे ठिपका म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापाने ते नाव ठेवलं, आणि तिनेही त्या नावाला जागून आठ वर्षांत फारशी उंची घेतली नव्हती. शाळेच्या फाटकात तिची आई संपायची आणि बाई सुरू व्हायच्या. नियम बाईंनीच केला होता: शाळेत आई म्हणायचं नाही, डबा मागायला यायचं नाही, पोटात दुखलं तर आपल्या वर्गशिक्षिकेला सांगायचं. ठिपका नियम पाळायची. एकदा मैदानावर गुडघा फुटला तेव्हाही ती "आ..." म्हणून थांबली आणि मग "बाई गं" म्हणून रडली.

नाटक बाईंनीच लिहिलं होतं. घड्याळांच्या दुकानाचं. दुकानातली सगळी घड्याळं वेळेवर चालतात आणि त्याचा त्यांना फार गर्व आहे. फक्त एक घड्याळ तासभर मागे आहे. दुकानदार ते मोडीत काढायला निघतो. तेवढ्यात एक बाई धावत येते, तिची गाडी चुकलेली, भेट चुकलेली, दिवसच चुकलेला. आणि तिला त्या दुकानात एकच घड्याळ असं सापडतं, जे म्हणतं, थांब, अजून वेळ आहे. त्या मागे पडलेल्या घड्याळाचं एक गाणं होतं, आणि खरं सांगायचं तर सगळं नाटक त्या गाण्याला टेकू द्यायला लिहिलेलं होतं.

सगळ्यांचे वाजून गेले नऊ,
माझे अजून आठ;
उरलेला हा तास कुणाला देऊ,
कोण बघतंय वाट?

हे गाणं कुठून आलं ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. एका सकाळी ठिपका एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत घरभर हिंडत होती आणि बाई दारात ओरडत होत्या, की नऊ वाजत आले. तेव्हा पलंगाखालून आवाज आला, "सगळ्यांचे वाजू देत, माझे अजून आठ आहेत." संध्याकाळी भाजी निवडताना बाईंनी त्याला चाल लावली. शेवटचा शब्द, तो "वाट", बाईंनी खालीच ठेवला होता. ठिपकाने गृहपाठ करता करता तो उचलला आणि वर नेऊन तिथेच सोडून दिला, छताला लागलेल्या फुग्यासारखा. बाईंचा भाजीवरचा हात थांबला. चाल तशीच राहिली.

गाणं तिच्या गळ्यातलं होतं. म्हणूनच ते तिला देता येत नव्हतं. न्यायबुद्धीचं हे असं असतं.

भूमिका वाटायच्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, "कुणाला काय व्हायचंय? हात वर."

पहिल्या बाकावर ठिपकाचा हात प्रश्न संपायच्या आधीच वर होता. बाईंची नजर त्या बाकावरून जलद गाडी लहान स्टेशनावरून जावी तशी गेली. अलार्मचं घड्याळ कोण? एक मुलगी मिळाली, जिचा आवाज शेजारच्या वर्गालाही उठवायचा. लंबक कोण? एक मुलगा आधीच डुलत होता. दोन मनगटी घड्याळं, एक दुकानदार, धावत येणारी बाई, आणि बाकीची सगळी भिंतीवरची घड्याळं. मागे पडणारं घड्याळ मफलरला मिळालं. मफलर हा एक शांत मुलगा होता. त्याच्या आईला वाऱ्याची इतकी धास्ती, की तो उन्हातही गळ्याला मफलर गुंडाळून यायचा. त्या मफलरमधून येणारा आवाज मात्र गोड होता, जरा बुजरा, पण खरा.

शेवटी सगळे हात खाली आले. एक उरला. तो आता दुखायला लागला असावा, कारण त्याला दुसऱ्या हाताने आधार दिलेला होता.

"तू..." बाईंनी कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, शेवटी फळ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. "तू भिंत."

"भिंत?"

"घड्याळं कशावर लावतात?"

"खिळ्यावर," मागून लंबक म्हणाला.

"आणि खिळा कशात ठोकतात?"

सगळ्या माना फळ्यामागच्या भिंतीकडे वळल्या.

"भिंतीला गाणं आहे, बाई?" ठिपकाने विचारलं.

"भिंतीला गाणं कसं असेल?"

"वाक्य?"

"भिंतीचं काम आधार द्यायचं," बाई म्हणाल्या. "ते सगळ्यात महत्त्वाचं काम असतं."

ज्याला काहीच द्यायचं नसतं त्याला जगात हेच वाक्य देतात. ठिपका आठ वर्षांची होती, तिने ते खरं मानलं. "हो बाई," म्हणाली आणि हात खाली घेतला.

ठिपकाचे बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून धडपडणाऱ्या या माणसाला संध्याकाळी घरी काय चाललंय ते जरा उशिराच दिसायचं. पण ही बातमी ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"भिंत केलीस पोरीला?"

"मग काय करू? राणी करू आणि मोठ्या बाईंच्या खोलीत उभी राहू?"

"तसं नाही. पण निदान विटेपासून सुरुवात करायची. बढतीला वाव राहिला असता."

"बाबा, भिंतीचं काम महत्त्वाचं असतं," ठिपका म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"बाई."

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पोळीकडे पाहिलं.

तालमी शाळेच्या सभागृहात सुरू झाल्या. तिथे व्यायामाच्या रबरी गाद्यांचा वास यायचा आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या कोपऱ्यात नापास झालेल्या मुलांसारख्या उभ्या असायच्या. चित्रकलेच्या सरांनी एका मोठ्या फ्रीजच्या खोक्यातून भिंत कापली, पुढून आणि मागून अंगावर घालता येईल अशी. त्यांनी मन लावून एकेक वीट रंगवली, चुन्याच्या रेघा मारल्या, एका कोपऱ्यात ओल आल्याचा डागसुद्धा काढला, आणि मध्ये तोंडासाठी एक वीट काढून टाकली. त्या विटेच्या जागेतून ठिपकाचा चेहरा दिसायचा, तोही पूर्ण नाही, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. बाकी सगळी भिंत.

भिंत उत्तम उभी राहायची. हलायची नाही, खाजवायची नाही, लंबक चक्कर येऊन अंगावर पडला तरी ढळायची नाही. आणि नाटक बघता बघता बसत चाललं होतं. लहान मुलांची गाणी बसवताना बाकी सगळं जमतं, पण सुरुवात जमत नाही. शब्द पाठ होतात, ताल येतो. पण पहिला सूर जो तो आपल्या मनाने धरतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागे बाकीचे फरफटत जातात. बाईंनी यावर उभी नोकरी खर्ची घातली होती. यंदा मात्र चमत्कार होता. बाईंनी कीबोर्डवर सूर दिला, की क्षणभर थांबून सगळी घड्याळं बरोबर तोच सूर उचलायची. मफलर तर गाण्याआधी जरासा मागे कलायचा, डोळे मिटायचा आणि नेमका लागायचा.

"या वर्षी कानच तयार आहेत हो मुलांचे," बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. स्वतःचं कौतुक करायची ही सभ्य पद्धत असते.

अलार्मची आई तालमींना यायची. पोशाखांना टाचण्या लावायला मदत करते असं म्हणून यायची, आणि टाचण्या लावायचीही. एका दुपारी तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि बाईंना बाजूला घेतलं.

"राग मानू नका हं, बाई. पण मागून कुणीतरी सारखं गुणगुणतं. मला वाटतं, भिंत."

"भिंत?"

"सगळ्यांच्या आधी म्हणते. हळू म्हणते, पण म्हणते. आता तुमचीच मुलगी, मी काय बोलणार? हौशी आहे बिचारी. पण उद्या कुणी म्हणायला नको, की बाईंची मुलगी भिंतीत राहूनही पुढे पुढे करते."

उद्या कुणी म्हणायला नको, हे वाक्य ज्याला आजच म्हणायचं असतं तोच म्हणतो. बाईंना हे कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची ओढून बसलेली झाडाची आजी उभी राहिली आणि त्यांचे कान तापले. त्या तशाच तरातरा रंगमंचावर गेल्या.

"भिंत आवाज करते का?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

विटेच्या जागेतून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"मी विचारतेय, भिंत आवाज करते का?"

"नाही, बाई."

"मग आजपासून चकार शब्द नको. एक सूर जरी ऐकू आला ना, तर मी कापडाची भिंत लावीन."

"हो, बाई."

सगळी घड्याळं जमिनीकडे बघत होती. बाईंना वाटलं, शिस्त लागली.

घरात ते बाईंना लगेच कळलं नाही. आवाज असतो तेव्हा तो कळतो. नसतो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, एवढंच. ठिपकाचं सगळं गाण्यात चालायचं. दात घासताना ब्रश तोंडात ठेवून गायची, दुधावरची साय काढताना सायीला उद्देशून गायची, दप्तर भरताना ज्या पुस्तकाचा आज नंबर नाही त्याची समजूत काढत गायची. बाईंनी कितीदा "जरा गप्प बस गं, डोकं उठलं" म्हटलं होतं. आता न्हाणीघरातून फक्त पाण्याचा आवाज यायचा. बाई भाजी निवडताना एखादी ओळ अर्धी सोडायच्या, सवयीने थांबायच्या, आणि मग ती ओळ तशीच अर्धी राहायची.

"नळबिळ दुरुस्त केलास का गं?" बाबांनी एका संध्याकाळी विचारलं. "घर कसं भाड्याने द्यायला काढल्यासारखं वाटतंय."

"नाही."

"मग? ठिपके, काहीतरी गा बघू. तुझ्या गाण्यावाचून मला टेबलावरचा वरणाचा डाग पुसता येत नाही."

"नको, बाबा," ठिपका वहीतून वर न बघता म्हणाली. "सवय मोडेल."

"कसली?"

"गप्प बसायची. घरी गायलं की शाळेतपण तोंडात येतं."

बाबा फडकं घेऊन तो डाग पुसत बसले. डाग नव्हताच, पण ते बराच वेळ पुसत होते.

इकडे नाटकाची रया गेली. बाई सूर द्यायच्या आणि घड्याळं तीन ठिकाणी लागायची. अलार्म वर, मनगटी घड्याळं खाली, लंबक ज्या बाजूला असेल त्या बाजूचं गाणं म्हणायचा. मफलर पूर्वीसारखाच मागे कलायचा, डोळे मिटायचा, वाट बघायचा आणि मग घाबरून कुठूनतरी सुरुवात करायचा. इतक्या खालून, की शेवटच्या "वाट"पर्यंत पोचता पोचता त्याचा आवाज जिन्यात धाप लागलेल्या माणसासारखा बसायचा. बाईंनी आधी हवेला दोष दिला. मग आइस्क्रीम बंद केलं. मग कीबोर्डची वायर बदलली. मोठ्या बाई एकदा दारात येऊन ऐकून गेल्या.

"हे असंच आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही. अजून बसायचंय."

"प्रयोग परवा आहे."

"बसेल."

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. शिक्षण खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा "हं" होता तो.

पोशाखातल्या तालमीला मफलरचं गाणं तिसऱ्यांदा कोसळलं. तो मध्येच थांबला. पुठ्ठ्याच्या तबकडीतून हात काढून त्याने मफलर सैल केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, तिला बोलू द्या ना."

"कुणाला?"

"भिंतीला. आम्ही तिच्याकडूनच सूर घेतो."

"सूर मी देते," बाई म्हणाल्या. "कीबोर्डवर. आल्या दिवसापासून मीच देते."

लहान मुलं मोठ्या माणसाचा गैरसमज दूर करण्याआधी जशी एकमेकांकडे बघतात तशी सगळी घड्याळं बघत होती.

"कीबोर्डचं आम्हाला कळत नाही," शेवटी अलार्म म्हणाली. "म्हणजे वाजतं ते कळतं. पण त्यातलं आपण कुठून धरायचं ते नाही कळत. ही माणसासारखं देते. हळूच. मागून."

"पाठीला ऐकू येतं," मफलर म्हणाला.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," लंबक म्हणाला.

बाई कीबोर्डसमोर बसून राहिल्या. म्हणजे तो चमत्कार, ते तयार कान, तो शिक्षकांच्या खोलीतला मोठेपणा, सगळं त्या फ्रीजच्या खोक्यातून येत होतं. एवढ्या मुलांना एका मुलीने आधार दिला होता, आणि ते काम महत्त्वाचं असतं हे सांगणाऱ्या बाईंनाच त्याचा पत्ता नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. "भिंतीने सूर द्यायला हरकत नाही. दे गं."

विटेच्या जागेतलं तोंड उघडलं. सगळी घड्याळं पाठ करून उभी राहिली. तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग मिटलं.

"येत नाहीये, बाई," ठिपका म्हणाली. रागावून नाही, शाई संपली हे सांगावं तसं.

त्या संध्याकाळी बाई तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या. बाबा दाराबाहेर उभे होते, म्हणजे उगाच एक बल्ब बदलत होते.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"किती?" ठिपकाने विचारलं.

"बरंच."

"पूर्ण उत्तर चुकलं, का फक्त शेवटची पायरी?"

"पहिल्या पायरीपासून," बाई म्हणाल्या. "तू हात वर केला होतास. मी पाहिला होता."

ठिपका उशीच्या अभ्र्याची गाठ सोडवत बसली. "मला माहितीय पाहिला होता ते. मी तुझ्या डोळ्यांकडेच बघत होते."

बाईंनी गाठीचं दुसरं टोक धरलं.

"मी गायले, तर सगळे म्हणतील बाईंची मुलगी म्हणून गायली. नाही गायले, तर कुणीच काही म्हणत नाही. मग नाही गायलेलंच बरं ना?"

हे गणित बाईंनीच तिला शिकवलं होतं आणि उत्तर अगदी बिनचूक होतं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "उद्या तुला वाटलं तर गा," त्या म्हणाल्या. "नाही वाटलं तरी तू माझीच आहेस."

"शाळेतपण?"

बाई उत्तर द्यायला एक श्वास उशीर लावून बसल्या. ठिपकाने तो श्वास ऐकला आणि कूस बदलली. दाराबाहेर बाबांनी चांगला बल्ब काढून तोच परत लावला.

प्रयोगाला सभागृह भरलं. पालकांनी आपापली मुलं दिसतील अशा खुर्च्या धरल्या होत्या आणि फोन असे उंच केले होते, की मागच्या पालकांना नाटक पुढच्यांच्या फोनमध्येच बघावं लागणार होतं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत. अलार्मची आई त्यांच्या शेजारी. बाबा एका खांबामागे, कारण त्यांच्या वाट्याला नेहमी खांबामागचीच जागा येते.

पहिली गाणी पार पडली. पार पडली एवढंच. सूर तीन होते, पण उत्साह एक होता, आणि पालकांना आपल्या मुलाचाच आवाज ऐकू येतो ही निसर्गाची मोठी कृपा आहे. मग दिवे मंद झाले. दुकानदार हातोडी घेऊन आला. मफलर पुढे झाला. आज त्याच्या आईने नवा मफलर दिला होता, कडक इस्त्रीचा.

बाईंनी सूर दिला. मफलर मागे कलला, डोळे मिटले.

काहीच आलं नाही.

"सगळ्यांचे..." तो म्हणाला आणि थांबला. फार खाली होतं. "सगळ्यांचे..." आता फार वर. सभागृहात कुणीतरी खाकरलं. मफलरने डोळे उघडले. त्याच्या खालच्या ओठाने रडायची तयारी केली होती. आणि मग, नाटकात असं करायचं नसतं हे विसरून, तो सरळ प्रेक्षकांकडे पाठ करून वळला.

"अगं, सांग ना!"

प्रेक्षक हसले. भिंत जागची हलली नाही. विटेच्या जागेतले डोळे मफलरकडे नव्हते, ते खाली कोपऱ्यात कीबोर्डकडे लागले होते.

बाईंनी कळांवरचे हात उचलले. "गा गं," त्या म्हणाल्या. शांततेत ते सगळीकडे ऐकू गेलं.

"कोण सांगतंय?" भिंतीने विचारलं.

पुन्हा हशा पिकला. लोकांना तो संवाद वाटला. बाईंना मात्र प्रश्न कळला. बाईंनी सांगितलं असतं, तर ठिपकाने "हो बाई" म्हणून एक सूर काढून दिला असता, निमूट, खडू आणून द्यावा तसा, आणि काम भागलं असतं. समोर मोठ्या बाई होत्या. शेजारी अलार्मची आई फोन धरून होती आणि तो फोन आता बाईंकडे वळला होता. उद्या कोण काय म्हणेल ते बाईंना शब्दन् शब्द पाठ होतं.

त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

"आई सांगतेय," त्या म्हणाल्या. "गा, ठिपके."

विटेच्या जागेतल्या डोळ्यांनी एकदा मफलरकडे पाहिलं. मग पहिला सूर आला. चांगला नव्हता. बरेच दिवस बंद असलेल्या खिडकीसारखा करकरत उघडला. दुसरा त्याहून बरा होता. मफलरने तो पाठीवर घ्यायलाही वेळ लावला नाही. तसाच भिंतीकडे तोंड करून, प्रेक्षकांना मफलरची टोकं दाखवत तो तिच्याबरोबर गायला लागला. "माझे अजून आठ" म्हणताना तो इतक्या खुशीत होता, की त्याला खरंच तासभर मागे असल्याचा अभिमान वाटत असावा. "उरलेला हा तास कुणाला देऊ" इथे बाकीची घड्याळं आपण होऊन आत आली, त्यांचं तिथे काही काम नसताना. शेवटचा शब्द मफलरने खाली ठेवला आणि ठिपकाने वर नेला, आणि ते दोन आवाज एकमेकांना सोडून न जाता तसेच थांबले. बाई उभ्याच होत्या. कीबोर्ड वाजत नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, बाईंच्याही नाही. दुकानदार हातोडी खाली टाकून, वाक्य विसरून, तोंड उघडं ठेवून ऐकत होता, आणि तो सगळ्या प्रयोगातला सर्वोत्तम अभिनय होता.

खांबामागून चष्मा पुसल्याचा आवाज येत नाही, म्हणून बाबांचं काय झालं ते सांगता येणार नाही.

नंतर मोठ्या बाईंनी विंगेत येऊन विचारलं, "हे भिंतीचं आधीपासून बसवलेलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिने गावं अशी माझी इच्छा होती. मी आई आहे तिची."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला कुणी विचारलं, तर मी हो म्हणणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीत खुर्च्या कमी आहेत."

अलार्मची आईही आली. तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ती जरा जपूनच बोलली. "भिंत गाते ही कल्पना छान होती हो, बाई. पुढच्या वर्षी आमच्या हिला भिंत करा."

ठिपकाने भिंत उतरवायला साफ नकार दिला. चित्रकलेच्या सरांनी समजावलं, बाबांनी लाच देऊ केली, पण ती म्हणाली, घरापर्यंत. बसच्या दारात चालकाने भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि हात जोडले. "साहेब, घर घेऊन घरी जाता येत नाही." तेव्हा तिघं पायीच निघाली.

बाबा पुढे चालले होते. "बाजूला व्हा, भिंत येतेय," म्हणून वाट मोकळी करत होते आणि लोक खरंच बाजूला होत होते. न्हाव्याच्या दुकानापाशी अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ फेस लावून बघायला बाहेर आला. ठिपकाने लगेच त्याच्यावर एक गाणं केलं, त्याच्या उरलेल्या अर्ध्या दाढीचं, चांगलं मोठ्याने. मग वाटेतल्या कुत्र्यावर केलं. मग सिग्नलवर, जो तांबडा व्हायला उशीर करत होता. शब्द जमत नव्हते, चाल भरकटत होती, आणि भर रस्त्यात इतक्या मोठ्याने गाणं शोभत नाही हे कोणीही सांगितलं असतं.

वळणावर वारा सुटला. भिंत शिडासारखी फुगली आणि आडवी व्हायला लागली. तिच्या आईने पळत जाऊन मागचा कोपरा धरला. मागून ठिपका दिसत नव्हती. दिसत होता फक्त मागचा, रंग न दिलेला पुठ्ठा, त्यावर "ही बाजू वर" असं छापलेलं, आणि त्याच्या पलीकडून येणारा आवाज. आईने कोपरा घट्ट धरला आणि पुढची ओळ कुठे जाते ते ऐकत, भिंतीच्या पावलांनी चालू लागली.